वाळल्यावरचा रंग

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या टिळकवाडीच्या घरातल्या खालच्या खोलीत उभा होतो आणि माझ्या हातात शेडकार्डाच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही बदामी. एकीवर बिस्किटाचं नाव होतं, दुसरीवर वाळूचं. नावं झाकली असती तर कुठली कुठली हे मला सांगता आलं नसतं. मी एकीवर बोट ठेवायची वाट बघत पेंटर बसू शेजारी उभा होता. फोन वडगावहून होता, अण्णाच्या भिंतीला लागून पॉवरलूम चालवणाऱ्या मल्लेशचा. "दत्ता मास्तर, निघून या लगेच. अण्णा उठंना झालाय... डाक्टर बघून गेले." मी "आलो" म्हणालो आणि पट्ट्या बसूच्या हातात दिल्या. त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मनात जो पहिला विचार आला तो असा, की आता खोलीचा रंग बदलायची गरज नाही. दुःख नंतर आलं. आधी हे आलं. या गोष्टीला सात आठवडे झाले. अण्णाविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल.

अण्णा माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी थोरला. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो आणि तो मागावर बसत होता. त्यानं मला वाढवलं असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण वाढवणारा माणूस मायाळू असतोच असं नाही. अण्णाची जीभ धारदार होती. जेवायला बसला की पहिल्या घासाला वहिनीला म्हणायचा, "ही आमटी हाय का पातेलं धुतल्यालं पाणी?" आणि मग दोनदा मागून घ्यायचा. दिवाळीला नवा शर्ट घालून मी पुढ्यात गेलो की म्हणायचा, "शर्ट चांगला हाय. आत कोण हाय?" गल्लीतले लोक हसायचे, त्यांना त्याची मजा वाटायची. ज्याच्या वाट्याला ते रोज यायचं त्याला तशी मजा वाटत नसे. वहिनी मात्र शेवटपर्यंत हसत राहिली. ती गेली तेव्हाच अण्णा पहिल्यांदा आठवडाभर गप्प होता.

हातमागाचं काम उतरत गेलं तसा अण्णा सूत रंगवायला लागला. वडगाव-शहापुरातले पॉवरलूमवाले त्याच्याकडं जुन्या साडीचा तुकडा घेऊन यायचे आणि म्हणायचे, अण्णा, असाच रंग पायजे. तो तुकडा घेऊन उंबऱ्यावर जायचा. रंग बघायची त्याची वेळ ठरलेली होती, सकाळी दहाच्या सुमाराची, आणि जागा ठरलेली होती, दाराच्या आतली सावली. उन्हात नाही, दिव्याखाली तर कधीच नाही. तुकड्यातला एक धागा काढायचा, आपण रंगवलेल्या लडीतला एक धागा घ्यायचा आणि दोन्ही चिमटीत धरून पीळ द्यायचा. रंगात केसाएवढा फरक असला तरी त्या पिळात नागमोडी रेघ उठते. अण्णा म्हणायचा, "पीळ बोलतोय." मग लडी परत रंगाच्या पातेल्यात जायची. फरक नसला की दोन धागे पिळात दिसेनासे होतात. तेव्हा म्हणायचा, "बुडला." एवढंच. त्या एका शब्दावर मालक लडी उचलून घेऊन जात, दुसऱ्यांदा बघत नसत. आणखी एक गोष्ट त्याच्या हाडात मुरलेली होती. ओलं सूत गडद दिसतं, वाळलं की फिकं पडतं. त्यामुळे अण्णा पातेल्यातून काढलेली लडी बघतानाच ती वाळल्यावर किती उतरेल ते मनात धरायचा. हे लक्षात ठेवा. पुढं मी त्याच गोष्टीचा उपयोग केला.

मी दहावीनंतर पीयूसीला सायन्स घेतलं होतं आणि सुट्टीत मागावर बसायचो. एका साडीचं आडवं सूत मध्येच संपलं. मी संध्याकाळी बल्बखाली बघून तसल्याच हिरव्या रंगाची दुसरी लडी घेतली आणि काम पुढं नेलं. सकाळी उजेडात बघितलं तर साडीच्या अंगावर चार बोटं रुंदीचा वेगळाच हिरवा पट्टा उमटला होता. नवशिक्या विणकराच्या हातून हे होतं, आणि मालक ती साडी दुसऱ्या दर्जात टाकतो. अण्णानं ती दुसऱ्या दर्जात टाकली नाही. बांबूवर घालून आमच्या दारात गल्लीकडं तोंड करून टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा, "बघा बघा, सायन्सवाल्याचं काम! कालेजात शिकतोय आमचा, दिव्याखाली रंग बघतोय!" तीन दिवस ती साडी तिथं होती. तेवढ्यात माझं नाव 'पट्टा' पडलं. पुढं मी हायस्कुलात गणिताचा मास्तर झालो, तर गल्लीतले म्हातारे 'पट्टा मास्तर' म्हणायला लागले. ती साडी अण्णानं विकली नाही. वहिनी सणाला ती नेसायची, आणि दर सणाला मला वाटायचं की मला दिसावी म्हणूनच नेसलीय. त्या तीन दिवसांतच मी ठरवलं होतं की या घरात राहायचं नाही. राहिलो नाही.

चैत्रात अण्णाच्या छातीत कळ आली, चार दिवस दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटं ठेवू नका. माझी बायको सुनंदा तिथल्या तिथं म्हणाली, "खालची खोली रिकामीच हाय. अण्णा आमच्याकडं येतील." मी मान हलवली. कोण नाही म्हणेल? पण मला तो घरात नको होता. माझ्या टेबलावर, माझ्या आमटीवर, माझ्या जावयावर टोमणे मारणारा माणूस मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी परत नको होता. हे सुनंदाला सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मग मी रंगाचं निमित्त काढलं. खोलीच्या भिंतीला ओल आली होती, ती घासून रंग दिल्याशिवाय आजारी माणसाला कसं आणायचं, असं म्हणालो. आणि रंग अण्णानंच निवडावा, असंही म्हणालो. ऐकायला ते मानाचं वाटतं. मला ठाऊक होतं की अण्णाला रंग निवडायला सांगितला की महिने जातील.

तसंच झालं. मी शेडकार्ड घेऊन वडगावला जायचो. अण्णा खाटेवर बसून ते कार्ड हातात न घेताच म्हणायचा, "कागदावर रंग बघत न्हाईत रं. जिथं लावायचा तिथं बघायचा." तरी बघायचा. त्याला कच्च्या सुताचा रंग हवा होता. जन्मभर दुनियेच्या सुताला रंग चढवला, आता झोपायच्या खोलीत बिनरंगाचं सूत हवं, असं त्याचं म्हणणं. कार्डावर तसल्या बदामी छटा बावीस होत्या. एक म्हणजे भाकरीचा पापुद्रा, एक म्हणजे नासलेली साय, एक म्हणजे "मेलेल्या माणसाची नखं". अशी नावं ठेवून तो एकेक छटा उडवत होता.

"अण्णा, ह्यात आणि ह्यात फरक काय आहे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"तुला दिसत न्हाय?"

"नाही दिसत. कुणालाच दिसणार नाही. भिंत आहे ती, साडी नव्हे."

"तुला तवाबी दिसला न्हवता," अण्णा म्हणाला, आणि हसला.

पस्तीस वर्षांनी! मी कार्ड तिथंच टाकून निघालो. गाडीवर बसताना मागून आवाज आला, "सावकाश जा रं. दिवा लावून जा." दुपारचे बारा वाजले होते.

घरी आल्यावर मी सुनंदाला सांगितलं, तुझ्या अण्णांना यायचंच नाही, म्हणून नाटकं चाललीत. ती म्हणाली, "त्यांना यायचं हाय. तुम्हाला आणायचं हाय का?" शेवटी तिनंच बसूला बोलावलं आणि अण्णाला रविवारी घरी आणवलं. दोन छटा उरल्या होत्या, त्यांचे दोन चौकोन भिंतीवर अण्णासमोर लावून दाखवायचे असं ठरलं. बसू कानडी मुलखातून आलेला, हातानं सफाईदार आणि बोलायला मोजका. त्यानं ब्रश फिरवला. दोन ओले चौकोन शेजारी शेजारी चमकत होते, डावा जरा फिका, उजवा जरासा गडद. अण्णा दारात सावलीला जाऊन उभा राहिला, डोळे बारीक केले. सकाळचे दहा वाजले होते. त्याला त्याची वेळ मिळाली होती.

"उजवा," अण्णा म्हणाला. "वाळला की बरोबर कच्च्या सुतावर येतोय बघ."

भिंतीचा रंग सुतासारखा वागत नाही. तो ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. मागच्या वर्षी वरचा हॉल रंगवताना बसूनंच मला हे सांगितलं होतं. डावा चौकोन वाळून कच्च्या सुताचा झाला असता. उजवा वाळून मातकट होणार होता. बसूनं ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, हे वाळल्यावर..."

"ए बसू," मी मध्येच म्हणालो, "तू अण्णाला रंग शिकवतोस काय? चाळीस वर्षं ह्यातच घालवलीत त्यानं."

बसूनं माझ्याकडं बघितलं. मग ब्रश उचलला. अण्णा खूश झाला, मान डोलावून म्हणाला, "असू दे असू दे, पोरगं हाय." चौकोन वाळायची वाट बघायची त्याला गरजच नव्हती, ते तो मनात वाळवून बसला होता. सुनंदानं पोहे केले होते. त्यानं त्यांना एकही नाव ठेवलं नाही. दोन घास जास्त खाल्ले आणि मल्लेशनं ठरवून दिलेल्या रिक्षातून गेला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. इतका मान मी त्याला आयुष्यात दिला नव्हता.

खोली चार दिवसांत रंगून झाली. वाळली. चहात बुडवून काढलेल्या पुठ्ठ्यासारख्या भिंती, खिडकी पश्चिमेला, दुपारपर्यंत खोली उदास. सुनंदा म्हणाली, हे बरोबर नाही, बसूला बोलवा. मी म्हणालो, अण्णाची पसंती आहे, त्याला येऊन बघू दे. आणि पुढच्या रविवारी मी शाळेतल्या दोघा सहकाऱ्यांना आणि समोरच्या वकीलसाहेबांना चहाला बोलावलं. भाऊ राहायला येतोय, असं सांगितलं. अण्णा आला तो आपली पत्र्याची ट्रंक घेऊन, धुतलेलं धोतर नेसून. खोलीत सगळे उभे होते. मी मोठ्यानं म्हणालो, "हा रंग अण्णानं स्वतः निवडलाय. वडगावात रंगात ह्याचा हात धरणारा कुणी नाही." सहकारी भिंतीकडं बघून "छान, छान" म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, "गडद नाही वाटत?" मी म्हणालो, "तुम्हाला आम्हाला काय कळणार! अण्णाला विचारा."

ती साडी टांगून होती तीन दिवस. ही भिंत मी दहा मिनिटं टांगली.

अण्णा भिंतीजवळ गेला, तळवा टेकवून उभा राहिला. त्याच्या बोटांच्या कडांना जन्माचे रंग चिकटलेले होते, ते त्या मातकट भिंतीवर उठून दिसत होते. मग वळून त्यानं बसूला विचारलं, पैसे न्यायला म्हणून बसू दारात आला होता. "भिंत वाळली की गडद हुती व्हय रं?"

"हौदु, होय अण्णा," बसू म्हणाला.

"त्या दिवशी सांगितलं न्हाईस ते?"

बसूनं माझ्याकडं बघितलं. अण्णानंही बघितलं. त्याचे डोळे बारीक झाले, लडी बघताना व्हायचे तसे. मग पाहुण्यांसमोरच, अगदी साध्या आवाजात, तो म्हणाला, "दत्ता, ती साडी अजून वाळत घातलीयास व्हय मनात?"

"कुठली साडी?" मी म्हणालो.

या दोन शब्दांबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते. रंगाच्या बाबतीत मी खरं दडवलं होतं. इथं तोंडावर खोटं बोललो. अण्णा वळला. वकीलसाहेबांना म्हणाला, "माझाच चुकला साहेब. सुताच्या हिशोबानं भिंत बघितली." चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि ट्रंक उचलली. सुनंदा रडकुंडीला आली. ती म्हणाली, अण्णा, रंग बदलून घेऊ, राहा तुम्ही. तो म्हणाला, "बदलू नकोसा. चुकलेला रंग टाकायचा नसतोय गं. बघतो मी." रिक्षात बसल्यावर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "चांगलं विणलंयास." ते कौतुक होतं की शिवी, मला तेव्हाही कळलं आणि आताही कळतं.

त्यानंतर एकोणीस दिवस. सुनंदा रोज फोन करायची. तो म्हणायचा, "एक काम हाय हातात, ते झालं की येतो." सुनंदानं ते मला सांगितलं की मी म्हणायचो, कसलं काम, वय सदुसष्ट, पातेली विकून झाली. फुगलाय तो. मी स्वतः एकदाही फोन केला नाही. दोनदा वडगावच्या वाटेला लागलो आणि मध्येच दुसरीकडं वळलो. शेवटी सुनंदाच्या तगाद्यानं मी बसूला परत बोलावलं आणि रंग बदलायचा म्हणून पट्ट्या हातात घेतल्या. तेव्हा मल्लेशचा फोन आला.

बाराव्यानंतर घर आवरायला मी एकटाच गेलो. पॉवरलूम चालू होते, भिंत थरथरत होती. ट्रंक दारालगत उभी होती, बांधलेली. त्या रविवारनंतर ती त्यानं उघडलीच नव्हती की परत भरली होती, ते मला सांगता येणार नाही. मागच्या खोलीत जुना खड्डामाग होता, पाय खाली खड्ड्यात सोडून बसायचा. त्याच्यावर बारा-तेरा वर्षं पोती पडून असायची. पोती काढलेली होती. मागावर कापड होतं, दीड हात विणून झालेलं, जाड, पडद्याला लागतं तसं. खड्ड्याच्या काठावर रंगाच्या डब्याचं झाकण ठेवलेलं होतं, त्यावर आमच्या खोलीचा तो मातकट रंग फासून वाळवलेला. झाकणाला पाच-सहा धागे गुंडाळलेले होते, सगळे त्याच रंगाच्या आसपासचे. मी बसूला फोन लावला. तो म्हणाला, "अण्णा त्या दिवशीच रिक्षा थांबवून झाकण मागून घेतला, सर. उरलेला रंग पण थोडा घेतला. तुम्हाला सांगू नको म्हणाला." मग म्हणाला, "मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, सर." मी म्हणालो, "तू बोलला होतास बसू."

कापड भिंतीच्या रंगाचं होतं. आणि त्याच्यात, विणलेल्या दीड हाताच्या बरोबर मध्यावर, चार बोटं रुंदीचा एक पट्टा होता. वेगळ्या रंगाचा. कच्च्या सुताचा, कुठलाच रंग न चढवलेल्या सुताचा. मी बोटं टेकवून बघितली. चारच बोटं. पट्टा वर-खाली दोन्हीकडं सरळ होता, मध्येच लडी बदललेल्या नवशिक्याचा नव्हता. मोजून घातलेला होता. मल्लेशची आई दारातून बघत होती. ती म्हणाली, "माझंच पातेलं नेऊन सूत रंगवलं, मग शेवटचं आठ दिस मागावर बसलता बघ. मी म्हटलं, अण्णा, छातीचं दुखणं, कशाला खड्ड्यात उतरतोयास? तर म्हनला, दत्ताच्या खिडकीला पडदा न्हाय, उन्हाचं मला डोळ्यावर येनार."

मी ते कापड मागावरून कापून, झाकणासकट घरी आणलं. विणणं पुरं करणारं कुणी नव्हतं आणि दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची इच्छाही नव्हती. सुनंदानं कडा दुमडून ते खिडकीला लावलंय. खिडकीच्या निम्म्यापर्यंतच येतं. तिचं म्हणणं, पट्ट्यानं भिंत उजळली. वकीलसाहेब परवा आले होते, तेही म्हणाले की आता हा रंग मुद्दाम घेतल्यासारखा दिसतो. तो पट्टा माफी आहे की जन्मभराचा शेवटचा टोमणा, हे मला ठरवता येत नाही. अण्णाला ओळखतो म्हणून सांगतो, दोन्ही असणार. टांगून ठेवायची त्याची खोड गेली नव्हती. फक्त ह्या वेळी तो स्वतः त्याच खोलीत झोपणार होता.

बसूला मी परत बोलावलं नाही. गेल्या रविवारी सकाळी दहाला दिवा बंद ठेवून मी त्या खोलीत गेलो. झाकणावरच्या धाग्यांतला शेवटचा सोडवला, ज्या रंगात पडदा विणलाय तो, आणि चिमटीत ताणून भिंतीवर धरला. मग सुनंदाला हाक मारली. तिला म्हणालो, तू धर, मी बघतो. तिनं धरला, तसा मी मागं सरत दारातल्या सावलीत आलो, तो उभा राहिला होता तिथं. मी डोळे बारीक केले. तिची दोन बोटं दिसत होती, मधे काहीच नव्हतं, नुसती भिंत.

"दिसतोय का?" तिनं विचारलं.

"बुडला," मी म्हणालो.